पाच अटी आणि एक पेटता बंब

चेन्नईत बंब पेटवणारा माणूस वेडा असतो, हे मला आजवर अकरा जणांनी तीन भाषांत सांगितलं आहे. त्यातली दोन माणसं माझ्या घरातलीच आहेत. त्यांचा मुद्दा बरोबर असेलही. मे महिन्यात आमच्या पेरुंगुडीत गच्चीवरच्या टाकीतून नळाला जे पाणी येतं, त्यात पूड टाकली तर चहा होईल. पण वर्षात काही एकटा मे महिनाच नसतो. डिसेंबरात पहाटे इथे पारा पार बावीसवर उतरतो, माणसं माकडटोप्या घालून दूध आणायला निघतात. अशा वेळी तांब्याच्या बंबातलं, जरासा धुराचा वास असलेलं कढत पाणी अंगावर घेण्यात जे सुख आहे, ते गीझरवाल्यांना सांगून कळणार नाही. मी सांगतही नाही. म्हणजे सांगतो, पण ते ऐकत नाहीत.

बंब आमच्या बाबांचा, मिरजेचा. धाकट्या भावाने तो एका हॉटेलवाल्याच्या गळ्यात मारायचा घाट घातला होता. हॉटेलवाला त्याला चकाचक पॉलिश करून, आत दिवा सोडून, दारात उभा करणार होता. ज्या बंबाने पन्नास वर्षं आठ माणसांच्या आंघोळी काढल्या, त्याला तिथे उभं राहून गिऱ्हाइकांना नमस्कार करायला लावणार! मी फोनवरच ओरडलो, "खबरदार त्याला हात लावशील तर!" आणि मालट्रकने बंब इकडे मागवून घेतला.

ज्यांनी बंब पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच आहे. मध्ये उभी नळी, तिच्यात जाळ. नळीभोवती पाणी. वरच्या नरसाळ्यात गार पाणी ओतलं की तेवढंच कढत पाणी तोटीतून बाहेर येतं. म्हणजे एक बादली घ्यायची तर एक बादली घालायची. तोटी सोडून नुसतं घेत राहिलात आणि जाळ चालू ठेवलात, की पाणी आटतं, झाळलेले सांधे सुटतात आणि बंबाचं भंगार होतं.

आमच्या इमारतीत बारा बिऱ्हाडं. मागच्या अंगणात बंब ठेवायचा तर सोसायटीची परवानगी हवी. परवानगीचा अर्ज मोबाइलवर. त्यात 'वस्तूचा प्रकार' या रकान्यात तीनच पर्याय होते: वाहन, सौर पॅनेल आणि पाळीव प्राणी. बंबाला चाकं नाहीत आणि सूर्याशी त्याचा संबंध नाही, म्हणून मी नाइलाजाने पाळीव प्राणी निवडला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, लसीकरणाचा दाखला जोडा. पुढचे पंधरा दिवस मी त्या मोबाइलला समजावत होतो की माझ्या प्राण्याला रेबीज होत नाही. शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी वेंकट स्वतः पाहणीला आले. हे एका आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि गांभीर्याने वीस वर्षांनी मोठे. त्यांनी बंबाभोवती तीन फेऱ्या मारल्या, फोटो काढले आणि पाच अटी घातल्या.

बंबाला लोखंडी जाळीचा पिंजरा हवा. पिंजऱ्याला कुलूप हवं. शेजारी वाळूची बादली हवी. धूर सातच्या आत संपला पाहिजे. इथवर ठीक होतं. पण पाचवी अट वाचली आणि माझं डोकं फिरलं: 'बंब पेटता सोडून अर्जदार इमारतीबाहेर जाणार नाही, असं त्याने लिहून द्यावं.' अहो, हे मला? चेन्नईजवळ आवडी नावाचं गाव आहे, तिथल्या संरक्षण कारखान्यात सुरक्षा विभागात मी एकतीस वर्षं काढली. तिथल्या भिंतींवर 'दुसऱ्याने केलं असेल असं समजू नका' ही पाटी तीन भाषांत लागली होती, ती माझ्या डोक्यातून निघालेली. मी रागारागाने सही ठोकली आणि कागद वेंकटच्या हातात आदळला.

तरी त्यांचं समाधान झालं नाही. महिन्याभरात वाळत घातलेल्या त्यांच्या पांढऱ्या शर्टावर काजळीचा एक ठिपका सापडला. ठिपका मोहरीएवढा होता, तक्रार दोन पानी. रविवारच्या सभेत ठराव यायचा होता: बंब कायमचा हलवावा. हलवून कुठे नेणार? परत मिरजेला, म्हणजेच हॉटेलच्या दारात. त्या विचाराने मला जेवण जाईना. बाबा गेल्यानंतर त्यांची एवढी एकच वस्तू माझ्या वाट्याला आली होती.

"सभेत शांत राहा," असा सल्ला मला तिसऱ्या मजल्यावरच्या भवानीअक्कांनी दिला. भवानीअक्का आणि त्यांचे यजमान रामस्वामीराव तंजावरकडचे मराठी. तीनशे वर्षांपूर्वी यांचे पूर्वज इकडे आले ते इथलेच झाले, पण घरात अजून मराठी बोलतात. "तुमी बोलला की भांडण जाते अण्णा. गप बसा, मी बघते," असं त्या म्हणाल्या. जयवंती, म्हणजे आमचं कुटुंब, हिचा सल्ला आणखी सोपा होता. "गीझर घ्या," ती म्हणाली.

ठराव रविवारी आणि त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, कौशिकची वास्तुशांत. कौशिक हा जयवंतीच्या बहिणीचा मुलगा, श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात नोकरीला. तिथेच त्याने फ्लॅट घेतला. अजून लग्न नाही आणि वडिलांचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून पूजेला मावशी-काकांनी बसायचं ठरलं. साडेपाचला टॅक्सी सांगितली होती. त्यामुळे चारलाच उठून मी बंब पेटवला. दोघांच्या आंघोळी झाल्या, पिंजऱ्याला कुलूप लावलं, चावी नेहमीप्रमाणे करदोट्याला बांधली आणि आम्ही निघालो. जयवंतीने माझ्या तळहातावर दही घातलं. मी ते चाटून "येतो" म्हणालो. सगळं कसं रीतसर झालं.

पावणेनऊला श्रीपेरुंबुदूरच्या त्या नव्या फ्लॅटमध्ये मी सोवळं नेसून पाटावर बसलो होतो. संकल्प सुटला होता. मयिलापूरहून आलेल्या गुरुजींनी होमकुंडात अग्नी घातला, समिधा पेटल्या, धूर वर चढला. तो वास नाकात गेला आणि मला एकदम आमचा बंब आठवला.

"जयू," मी ओठ न हलवता म्हणालो, "बंब विझवलास ना?"

"मी? शेवटी मागे तुम्ही गेला होतात."

"मी करवंट्या घालायला गेलो होतो. तुझे केस धुवायचे राहिले होते म्हणून."

"अहो, जाळ तर मी आधीच वाढवला होता! बंबफोड संपली म्हणून चिंचेचा ओंडका सारला आत. चांगला मांडीएवढा."

मांडीएवढा ओंडका आणि त्यावर दीड पाटी करवंट्या. "आणि पाणी?" मी विचारलं.

"घेतलं की. दोन बादल्या."

"घेतलंस ते कळलं. घातलंस का?"

"मला वाटलं तुम्ही घातलं असेल."

मलाही नेमकं तेच वाटलं होतं. लाकूड दोघांनी घातलं होतं आणि पाणी कुणीच घातलं नव्हतं. एकतीस वर्षांची माझी पाटी तीन भाषांत डोळ्यांपुढे उभी राहिली.

"यजमान," गुरुजी म्हणाले, "लक्ष अग्नीकडे असू द्या."

"अग्नीकडेच आहे हो गुरुजी," मी म्हणालो. मला रडू यायचं बाकी होतं.

उठून पळावं तर पूर्णाहुतीपर्यंत पाट सोडता येत नाही. बिचाऱ्या कौशिकच्या नव्या घरात मी अर्ध्या संकल्पात उठलो असतो, तर त्याच्या घराला पुढे जे जे झालं असतं, म्हणजे नळ गळला असता तरी, ते माझ्या नावावर लागलं असतं. मी त्याला डोळ्यांनी खुणावलं. त्याने भवानीअक्कांना फोन लावला आणि माझ्या कानाशी धरला.

"काय अण्णा, पूजा जाली?" भवानीअक्का.

"चालू आहे. अक्का, जरा मागे जाऊन बंब बघता का?"

"बघते कशास? धूर दिसते की मला. तुमी घरीच हायेत म्हणून समजले मी."

"मी श्रीपेरुंबुदूरला आहे."

पलीकडे चपला वाजल्या, जिना वाजला. "अय्यो अण्णा! झाकण थडथडते. आत तळाला खदखद आवाज येते."

"पिंजरा उघडून लाकूड बाहेर – स्वाहा – ओढा!"

"कुलूप हाय."

कुलूप होतं. चावी माझ्या करदोट्याला होती. वेंकटची अट क्रमांक दोन. "वाळू मारा जाळीतून!" मी म्हणालो. ती अट क्रमांक तीन.

"वाळूचा दगड जाला हाय. पावसाने. बादलीसकट फेकू?"

"नको! पाणीही मारू नका, तापलेल्या तांब्यावर गार पाणी पडलं तर सांधे सुटतील. एक करा. नरसाळं पिंजऱ्याच्या वर आणि तोटी जाळीबाहेर आलीय ना? त्यात तांब्यातांब्याने पाणी – स्वाहा – सोडा. अगदी सावकाश."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या आहुत्या त्यांच्या मंत्रांच्या पुढे गेल्या होत्या. मी तूप घेऊन पुन्हा मागे आलो.

दहा मिनिटांनी दुसरा फोन. बंब भरला, झाकण शांत झालं, मी देवाला हात जोडले. पण अक्कांचा प्रश्न वेगळाच होता. "आता इकडे ओतले की तिकडे कढत पाणी येते. चार बादल्या भरल्या. जाळ तर जोरात हाय. हे पाणी टाकू कुठे?"

"मोरीत सोडा की!"

"अण्णा!" त्यांचा आवाज चढला. "टँकरचं पाणी मोरीत? पाप लागते!"

खरं होतं. पेरुंगुडीत पाणी टँकरने येतं. इथे माणूस एकवेळ दागिना हरवेल, पण बादली सांडणार नाही. जाळ विझेपर्यंत बंबात पाणी घालत राहणं भाग होतं, घातलं की तेवढंच बाहेर येणार आणि बाहेर आलेलं फेकायचं नाही.

"सरी, सरी, ठीक हाय," अक्काच म्हणाल्या. "आज शनिवार. यजमान डोक्यास तेल लावून बसले हायेत. त्यांना न्हाऊ घालते. मग बघू." फोन बंद.

शनिवारी पुरुषांनी तेल लावून न्हायचं, ही इकडची जुनी रीत. रामस्वामीराव वाचले, पण एक माणूस किती न्हाणार? मी मनात हिशेब मांडला: ओंडका मांडीएवढा, करवंट्या दीड पाटी, म्हणजे जाळ किमान अकरापर्यंत. सात वाजताच धूर संपायला हवा होता. चौथी अट मोडली, पाचवीचा तर चक्काचूर झाला आणि हे सगळं सभेच्या आदल्या दिवशी. वेंकट शनिवारी घरीच असतात.

तिसरा फोन आला तो वेंकटचाच. कौशिकने नाव वाचून माझ्याकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात. मी मान हलवली. वेंकट तमिळ आणि इंग्रजी मिसळून बोलतात, मी त्याचं मराठी करून सांगतो.

"सार, तुम्ही इमारतीत नाही."

"नाही," मी म्हणालो. खोटं बोलायला समोर साक्षात अग्नी होता.

"बंब पेटलेला आहे."

"आहे."

"चावी कुठे आहे?"

"माझ्या कमरेला."

मागे बरीच माणसं बोलत होती, बादल्या आपटत होत्या, कुणीतरी कुणावर ओरडत होतं. "संध्याकाळी बोलू, सार," असं म्हणून वेंकटनी फोन ठेवला.

पुढचे चार तास कसे गेले ते माझं मला माहीत. पूर्णाहुती झाली. प्रसाद झाला. पंगतीत कौशिकने आग्रहाने तीन जिलब्या वाढल्या, त्या कुणी खाल्ल्या मला आठवत नाही. टॅक्सीत बसल्यावर जयवंती म्हणाली, "ओंडका मी घातला, हे मी सांगेन सभेत. तुम्ही एकट्याने ऐकून घेऊ नका."

लग्नाला चौतीस वर्षं झाली. एवढं गोड वाक्य तिने मला चौतीस वर्षांत ऐकवलं नव्हतं. मला भरून आलं. "नको," मी म्हणालो, "सही माझी आहे." आणि उरलेल्या वाटेत मी इंग्रजीतून माफीनामा जुळवत बसलो. तिसऱ्या वाक्यात दरवेळी अडत होतो.

तीन वाजता टॅक्सी फाटकाशी थांबली. मागच्या अंगणातून अजून धूर येत होता! अकराला विझायला हवा होता तो जाळ तीनला चालू! मी धोतर सावरत धावलो. आणि कोपऱ्यावर येऊन तसाच थबकलो.

अंगणात रांग लागली होती. हातात बादल्या, खांद्यावर टॉवेल, डोक्यावर तेल. प्रत्येकाजवळ दोन बादल्या, एक गार पाण्याने भरलेली आणि एक रिकामी. अक्का नरसाळ्याशी खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि तमिळमधून हुकूम सोडत होत्या: आधी घाला, मग घ्या. घातल्याशिवाय मिळणार नाही. दुसऱ्या मजल्यावरची नित्या दोन्ही मुलींचे केस शिकेकाईने धुऊन त्यांना उन्हात बसवत होती. न्हाऊन लालबुंद झालेले रामस्वामीराव पायरीवर डुलक्या घेत होते. आणि पिंजऱ्याशी, कमरेला पंचा, अंगाला तिळाचं तेल, अशा अवतारात सेक्रेटरी वेंकट उकिडवे बसले होते. ते लांब चिमट्याने जाळीच्या भोकातून बंबात लाकडं सारत होते.

"सार!" मला पाहून ते उभे राहिले. तेलाने चमकत होते. "जाळ बसत चालला होता. माझा नंबर दुसऱ्यांदा यायचा होता. करवंट्या सगळ्यांच्या घरून आणल्या, त्याही संपल्या."

"मग हे काय जाळताय?"

वेंकटनी नजर चुकवली. मी वाकून पाहिलं. रंगवलेल्या फळीचा तुकडा होता, त्यावर 'मनाई' एवढाच शब्द शिल्लक राहिला होता. उद्याच्या ठरावानंतर अंगणात ठोकायला म्हणून त्यांनी स्वतः करून आणलेली पाटी होती ती. बाकीचा मजकूर आमच्या बाबांच्या बंबाने पोटात घातला होता.

"सार," वेंकट हळूच म्हणाले, "आमच्या आजोबांच्या गावी असं पाणी असायचं. कुंभकोणमला. मी तिसरीत होतो तेव्हापासून अंगावर असं पाणी पडलं नव्हतं. हा धुराचा वास तसाच आहे." आणि सेक्रेटरींच्या डोळ्यांत पाणी आलं. तेल गेलं असेल, पण मला नाही तसं वाटत.

मी करदोट्याची चावी सोडून पिंजरा उघडला. बंबाला बाहेरून हात फिरवला. एकही सांधा सुटला नव्हता. त्या दिवशी त्याने अक्कांच्या मोजणीप्रमाणे एकेचाळीस बादल्या पाणी दिलं होतं. मिरजेतही त्याने एवढं कधी दिलं नसेल. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे जयवंतीला टाळी दिली. सगळ्यांदेखत!

रविवारी सभा भरली. भवानीअक्कांनी ताकीद दिली होती, तरी मी आधी उभा राहिलो आणि म्हणालो, "पाचवी अट मी मोडली. बंब पेटता सोडून बाहेर गेलो. चूक माझी आहे." लगेच जयवंती उठून म्हणाली, "ओंडका माझा होता." अक्का हसू दाबत होत्या.

वेंकटनी चष्मा चढवला. बंब हलवण्याचा ठराव मागे घेतला आहे, असं त्यांनी वाचलं. पिंजऱ्याची दुसरी चावी भवानीअक्कांकडे राहील. वाळू बदलण्यात येईल. करवंट्या प्रत्येक घराने आठवड्याला एक पिशवी द्यायच्या. "आणि अट क्रमांक पाच पुढीलप्रमाणे बदलण्यात येत आहे," ते म्हणाले. "शनिवारी अर्जदार इमारतीबाहेर जाणार असेल, तर त्याने बंब पेटता ठेवूनच जावं."

बारा हात वर गेले. विरोधात कुणी नाही. रामस्वामीरावांनी तर दोन्ही हात वर केले होते, एक खाली करायला लावावा लागला.

वेंकटनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि स्वतःचं पेन उघडून दिलं. या गावात माणसाच्या नावाआधी बापाचं फक्त एक अक्षर लावतात. आल्यापासून मी कारखान्यात, बँकेत, रेशनकार्डावर, सगळीकडे 'जे. रत्नाकर'. रागाने ठोकलेली मागची सहीसुद्धा तशीच होती. या वेळी मी खुर्ची पुढे ओढली, पेन नीट धरलं आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत, पूर्ण सही केली: रत्नाकर जनकोजी खराडे.

"हे मधलं कोण, सार?" वेंकटनी विचारलं.

"ज्यांच्या पाण्याने तुम्ही काल न्हायलात, ते," मी म्हणालो.